चार बोटं वर गेलेले केस

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांना अर्धंच ऐकू जातं आणि उरलेली अर्धी गोष्ट ते घरी जाऊन आपल्या मनाने पुरी करतात, तसं नको. चटईवर जागा आहे. लेकुरवाळ्यांनी कडेला बसावं, पोर रडलं तर उठता येईल. आज सांगायची ती गोष्ट राजाची नाही की ऋषीची नाही. डहाणू रोडच्या अलीकडे सरावलीला संगिता नावाची एक केस कापणारी बाई आहे, तिच्या आठ दिवसांची गोष्ट आहे. दिवस आठच, पण त्या आठ दिवसांत तिचा जीव ठिकाणावर नव्हता. कसा नव्हता, ते ऐका.

संगिता मूळची वेवजीची, गुजरातच्या शिवेला लागून असलेल्या पाड्यावरची. नवरा उमेश चिकूचा टेम्पो चालवतो. हिने वापीला जाऊन सहा महिने पार्लरचा कोर्स केला आणि घराच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या, एक मोठा आरसा मांडून दुकान थाटलं. हात हलका, जीभ गोड. शाळेतल्या बाया, रेल्वे क्वार्टरमधल्या बाया, सगळ्या तिच्याकडे. त्यांना तिची वाट दाखवली ती प्रभाबाईंनी. प्रभाबाई शाळेत मराठी शिकवतात, त्यांचे यजमान श्यामकांत रेल्वेत आहेत आणि त्यांची लेक श्रुतिका कीर्तन शिकते.

हो, कीर्तन! बावीस वर्षांची पोर, आवाज असा की पहिल्या नमनालाच मागचा माणूस बोलायचा थांबतो. दत्तजयंतीला गावच्या मंदिरात तिचं पहिलं कीर्तन ठरलं होतं, तेही जन्माचं. म्हणजे सूर्य मावळायला जन्म व्हायचा आणि तोवर हिने समाज धरून ठेवायचा. लहान काम नव्हे ते.

पण गणपतीनंतर पोरीला डेंग्यू झाला. ताप उतरला, अंग भरलं, आणि ऐन मार्गशीर्षात केस गळायला लागले. जयंतीला आठ दिवस उरले असताना ती संगिताच्या खुर्चीत येऊन बसली.

"ताई, फणी घातली की मूठभर निघतात गं. मला टक्कल पडणार."

"काही पडत नाही. मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी गळतातच. हे बघ, कपाळावर बारीक बारीक नवे आलेत. मुळं जिवंत आहेत."

"मग करू काय?"

संगिताने केस हातात घेतले. कमरेपर्यंत लांब, वळणदार, पण टोकाला अगदीच विरळ. "लांब ठेवलेस तर उंदराची शेपटी दिसेल. थर देऊन कापू. वरचा थर आखूड, खालचा लांब. आहेत तेवढेच भरगच्च दिसतील. आणि लांबी कमी झाली की विंचरताना ओढही कमी."

"पण कीर्तनाला वेणी हवी. आमचे बुवा म्हणतात, दोन्ही हातांत झांजा असतात, केस सावरायला देवाने तिसरा हात दिलेला नाही."

"वेणी येईल की. सगळ्यात वरचा थर हनुवटीच्या खाली ठेवते, मग झालं?"

सल्ला सोळा आणे खरा होता. चुकला तो हात. संगिताने केस धुतले, ओले असतानाच फणीने ताणून सरळ केले, हनुवटीखाली बोट धरलं आणि कात्री चालवली. वापीला ती शिकली ते सरळ केसांच्या पुतळ्यावर. दुकानात येणाऱ्या मुलीही आधी केस सरळ करून घेतात, मग कापतात. ओले वळणदार केस ताणले की लांब होतात आणि सुकले की स्प्रिंगसारखे वर जातात, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या दिवशी ध्यानात आलं नाही, एवढंच.

केस सुकायला लागले तसे वर चढायला लागले. एक बोट, दोन बोटं, चार बोटं. वरचा थर हनुवटी सोडून गालाच्या हाडापाशी जाऊन थांबला. संगिताने घाईघाईने वेणी घालून पाहिली. तीन पेडांतून चहूबाजूंनी टोकं बाहेर आली.

श्रुतिका आरशात बघतच राहिली. "ताई, हे काय झालं?"

आणि संगिताच्या तोंडून निघून गेलं, "तापाने गं. तापाने केसांचा दम गेलाय. आखडतात असे."

शब्द एकदा गेला तो गेला. पोरीने मान डोलावली. खाली पडलेल्या केसांकडे बघत चपला घातल्या आणि गेली.

त्या क्षणापासून संगिताची जी घालमेल सुरू झाली! भाकरी तव्यावर करपली. चहात मीठ पडलं. उमेश म्हणाला, "आज समुद्राचंच पाणी घेतलंस वाटतं." तिला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या चंद्रिकाबेन केस रंगवायला बसल्या होत्या. रंग लावून ही खिडकीपाशी जी उभी राहिली ती राहिलीच.

"संगिताबेन, क्यां ध्यान छे?" चंद्रिकाबेन ओरडल्या. "डोकं भाजतंय माझं! रंग लावलास की फोडणी दिलीस?"

हिने धावत जाऊन पाणी ओतलं. मनात एकच, आज सांगते. संध्याकाळी वाटायचं, आता उशीर झाला, उद्या सांगते. आणि सकाळी वाटायचं, प्रभाबाईंना कळलं तर शाळेतल्या सगळ्या जणी जातील, दुसरी खुर्ची कुणासाठी घेतली मग?

चौथ्या दिवशी प्रभाबाई स्वतःच आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत खोट्या केसांचं मनगटाएवढं जाड, काळंभोर गंगावन.

"हे लाव तिला. घट्ट कसून लाव, हलता कामा नये."

संगिताने ते हातावर तोलून पाहिलं. ओल्या टॉवेलाएवढं वजन. "मॅडम, तिची मुळं आत्ता नाजूक आहेत. एवढा भार तीन तास लटकला तर कानामागचे केस उपटूनच येतील. परत तिथे लवकर येणार नाहीत."

प्रभाबाई खुर्चीत बसल्या. एरवी ताठ बसणारी बाई, आज खांदे पडलेले. "तसंही ती उभी राहते की नाही देव जाणे. तीन दिवस झांजांना हात लावला नाहीये. म्हणते, आई, ताप अंगातून गेलेलाच नाही, केसांतून दिसतोय. उभी राहिले आणि चारचौघांत पडले तर? बुवांना म्हणाली, दुसऱ्या कुणाला सांगा. बुवांनी परवापर्यंत वाट बघतो म्हटलंय. वापीला नेते तिला, सगळं रक्त परत तपासून घेते." त्यांनी संगिताचा हात धरला. "बरं झालं तू स्पष्ट सांगितलंस. दुसरी असती तर गोड बोलून पैसे घेतले असते."

संगिताला त्या हाताचा चटका बसला. "चहा टाकू का मॅडम?" एवढंच तिच्याने बोलवलं.

पाचव्या दिवशी दुकानाला कुलूप लावून ती वेवजीला निघाली. चारोटी नाक्यावर जीप बदलली, तलासरीला उतरून रिक्षा धरली. जीपमध्ये पुढे बसलेल्या प्रत्येक बाईच्या वेणीकडे तिची नजर. ही फार ताणलीय, कपाळ उघडं पडलंय. ही ओलीच बांधलीय, वास येतोय. हिचे थर आहेत पण क्लिपमध्ये कोंबलेत. बोटं मांडीवर आपोआप चालत होती, एकावर एक, एकावर एक.

तिची आई भिकी अंगणात शिंदीच्या पात्यांची चटई विणत बसली होती. पाड्यावरच्या तीन पिढ्यांच्या पोरींचे केस विंचरलेली बाई. वर न बघताच म्हणाली, "कोण मेलं?"

"कोणी नाय, आये."

"मग कामाच्या दिवशी कशी आलीस?"

संगिताने केसांचं सांगितलं. आखूड थर, सुटणारी टोकं, तीन दिवसांवर आलेलं कीर्तन. कुणाच्या हातून झालं ते मात्र गिळलं. भिकीने हाक मारून धाकलीला बोलावलं. धाकली म्हणजे भावाची सात वर्षांची पोरगी, जिचे केस उवांपायी कुठे आखूड तर कुठे लांब कापलेले. तिला दोन गुडघ्यांत धरून भिकी म्हणाली, "ह्या पोरीचे घालून दाखव."

संगिताने तीन पेड घेतले. दोनदा सुटले. तिसऱ्यांदा घट्ट ओढले तशी धाकली किंचाळली, "आत्या, डोळं वर चाललं माझं!"

"ऐकलास?" भिकी म्हणाली. "डोळे तिरके झाले म्हणजे जास्त ओढलास. सर बाजूला." तिने कपाळापासून चिमूटभर केस घेतले. एक वळसा, मग कडेचे चिमूटभर आणखी, पुन्हा वळसा. "पाती संपायच्या आधी दुसरी घालायची. संपल्यावर शोधायला जाशील तर भोक पडल. आखूड केस कुठं संपतो ते आधी बोटानं बघ. त्याचं टोक बाहेर यायच्या दोन वळसे आधी नवा घे त्याच्यावर. दबून राहील बापडा."

सागरवेणी संगिता शेकडो वेळा घालत होती, पण लांब केसांची, हातांच्या सवयीने. केस कुठे संपतो ते शोधत घालायची, हे तिला सुचलंच नव्हतं. तिने धाकलीची वेणी सोडली, पुन्हा घातली. पाचव्या वेळेला ती डोक्याला अशी बसली की धाकलीने मान झटकून पाहिली, अंगणात दोन कोलांट्या मारल्या, तरी टोक सुटलं नाही. संगिताच्या छातीवरचा दगड हलला. आता वेणी होईल. वेणी झाली की पोर उभी राहील. बोलायची गरजच काय?

ती पिशवी उचलून निघणार, तोच तिचं लक्ष आईकडे गेलं. भिकी चटई उसवत होती. विणलेल्या सात ओळी भराभर सोडत मागे चालली होती.

"काय करतेस आये? चांगली झालीय की."

"इथं एक पाती चुकलीय."

"कोणाला दिसणार हाय? अंगणात तर टाकायची."

"मला दिसली ना. आन् पुढलं सगळं तिच्यावर बसतंय." भिकीने सात ओळींच्या पात्या मांडीवर नीट लावून ठेवल्या. "चुकलं तिथवर जायलाच लागतं."

संगिता पिशवी घेऊन तशीच उभी राहिली. मग खाली बसली आणि सगळं सांगितलं. ओले केस, कात्री, आणि ते तापाचं वाक्य.

भिकी हातातली पाती खाली ठेवून म्हणाली, "म्हंजे ती पोर आपल्याच अंगाला भिते."

"हो."

"मग वेणीनं ती भीती कशी बांधशील तू?"

मंडळी, मोठमोठ्या सभामंडपांत बसून उपदेश ऐकला आहे, पण यापुढे जाणारा प्रश्न क्वचित कानी पडला.

संगिता त्याच पावली परतली. चारोटीला जीप भरेना. ड्रायव्हर म्हणे आणखी दोन पॅसेंजर येऊ देत. ही म्हणाली, "दोघांचं भाडं मी देते, पण हाल रे बाबा!" घरी न जाता तशीच डहाणूला प्रभाबाईंच्या दारात. श्यामकांत पेपर वाचत होते, प्रभाबाई वाटाणे सोलत होत्या, श्रुतिका डोक्याला ओढणी गुंडाळून कोपऱ्यात.

"वाटीभर पाणी द्या मॅडम," संगिता दारातूनच म्हणाली. बसली असती तर धीर सुटला असता.

तिने श्रुतिकाची ओढणी काढली, मानेपाशी राहिलेली एक लांब बट घेतली, पाण्यात भिजवली आणि फणीने ताणून धरली. "हे बघा, कुठपर्यंत आली? खांद्याच्या हाडापर्यंत. बोट ठेव गं श्रुतिका इथे." मग पुठ्ठ्याने वारा घालायला लागली. श्यामकांतांनी पेपर खाली ठेवला. बट सुकली, वळली, वर चढली. श्रुतिकाचं बोट खाली आणि केसाचं टोक चार बोटं वर.

"हे तुझे केस आहेत, आधीपासून असेच. यात ताप नाही. मी ओले असताना ताणून कापले, सुकले ते वर गेले. चूक माझ्या हाताची. आणि तापाचं सांगितलं ते खोटं. घाबरून बोलले." तिने बट सोडली. "तुझं अंग बरं आहे गं पोरी. गळताहेत तेवढेच तापाचे, तेही थांबतील."

श्रुतिकाने ती बट स्वतः भिजवली, ताणली, सोडली. पुन्हा भिजवली. मग तोंडावर दोन्ही हात ठेवून ढसाढसा रडली, आणि रडता रडताच म्हणाली, "म्हणजे मी पडणार नाही?"

"म्हणजे रक्त तपासायचं नाही ना?" श्यामकांत हळूच म्हणाले. "नाही, मी रजा टाकलीय."

प्रभाबाई उठल्या. "पाच दिवस! पाच दिवस माझी मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली. मी हिला काढे पाजत बसले आणि तुला बरं झालं म्हटलं, तुझा हात धरून! तेव्हा तुला चहा सुचला? जा तू. तिच्या केसांना आता हात लावायचा नाही."

"जाते मॅडम." संगिता वळली.

"आई," श्रुतिका नाक पुसत म्हणाली, "कुणाचा तरी हात लागणारच आहे. तू घालतेस? तुझ्या वेणीने मी दहावीपर्यंत चिनी दिसत होते."

श्यामकांतांना ठसका लागला. प्रभाबाईंच्या ओठांची रेषा मात्र हलली नाही. "मी समोर उभी राहणार," त्या म्हणाल्या. "आणि ओले असताना एक केस हलवायचा नाही."

"ओले नाहीच मॅडम. आदल्या दिवशीच धुवायचे. त्याच दिवशी धुतले तर हातातून निसटतात, शिळे केस बरे धरतात. आणि तेल बोटांच्या टोकांपुरतं."

श्रुतिकाने त्याच संध्याकाळी बुवांना फोन केला. झांजा माळ्यावरून खाली आल्या.

जयंतीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर संगिताने वेणी घालायला घेतली. आधी टोकापासून रुंद दातांच्या फणीने वर वर येत गुंता सोडवला, मुळाला धक्का न लावता. मग दोन्ही कानांच्या वरून दोन सागरवेण्या. केस कुठे संपतो ते बोटाने बघायचं, दोन वळसे आधी नवा घ्यायचा. मागे दोन्ही एकत्र आणून छोटा अंबाडा, त्यावर शेवंतीचा गजरा, तोही विरळ, हलका. प्रभाबाई तासभर डोक्यावर उभ्या. मधेच म्हणाल्या, "डोळे दुखताहेत का गं?" श्रुतिका म्हणाली, "तुझ्या बघण्याने दुखताहेत."

चार वाजता नऊवारी नेसलेली पोर देवासमोर उभी राहिली. संगिता सगळ्यात मागे, चपलांच्या ढिगापाशी. नमन झालं, पूर्वरंग लागला, माणसं डोलायला लागली, आणि हिला अक्षर ऐकू येईना. हिचे डोळे वेणीवर. मान डावीकडे वळली की हिचा श्वास अडके, उजवीकडे वळली की सुटे. केवढं सुंदर निरूपण चाललं होतं, मन स्थिर कसं करावं यावर, आणि ही मात्र पिना मोजत बसलेली.

आणि सुटली! अभंगाच्या दुसऱ्या चरणाला, पाय थिरकले त्या झोकात, कपाळावरचा सगळ्यात आखूड थर निसटून डोळ्यावर आला. दोन्ही हातांत झांजा. श्रुतिकाने मान झटकली, बट जागची हलेना. तिने खालचा ओठ पुढे काढून "फू" केलं. बट उडाली आणि पुन्हा तिथेच. पुढच्या रांगेतल्या बायका खुदकन हसल्या. संगिताने डोळे मिटून घेतले.

झांजा थांबल्या. मग श्रुतिकाचा आवाज आला, खणखणीत, हसरा.

"बघितलंत महाराज? इतका वेळ मी शब्दांनी सांगत होते, देवाने उदाहरणच पाठवलं. मन मन म्हणतात ते हेच! ताईने तासभर गुंफलं, पिना लावल्या, वर आईचा पहारा बसवला, तरी एक बट निघालीच नाचायला. आता हिला उपटून टाकायचं का? नाही. नाचू दे. नाचून नाचून दमेल आणि देवाच्याच पायांवर पडेल!" आणि असं म्हणून तिने गाभाऱ्याकडे वळून जी मान लववली, त्याच तालावर झांज वाजली, आणि अख्ख्या मंडपाने टाळी धरली. बुवा पेटीमागून अर्धे उठलेले.

संगिताने डोळे उघडले. त्यानंतरचं आख्यान तिने शब्द न् शब्द ऐकलं. ती बट शेवटपर्यंत नाचत होती, हिने पुन्हा तिकडे पाहिलं नाही. सूर्य मावळला, जन्म झाला, फुलं उधळली.

चपला शोधताना प्रभाबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"एक बट सुटली," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"होळीनंतर टोकं सारखी करायला आणते. कोरडे असताना कापायचे. मी समोर बसणार." आणि सुंठवड्याची पुडी तिच्या हातात कोंबून गर्दीत शिरल्या. शाळेतल्या दोघी त्यानंतर संगिताकडे यायच्या थांबल्या. थांबल्या त्या थांबल्याच. बाकीच्या येतात.

आता रीत अशी की कीर्तन संपलं की नावं घ्यायची. पेटीची साथ कुणाची, तबला कुणाचा, मंडप कुणी दिला, प्रसाद कुणाकडून. त्या संध्याकाळीही सगळी नावं घेतली गेली, एकही सुटलं नाही. फक्त वेवजीला अंगणात बसून सात ओळी उसवणारी एक म्हातारी तेवढी राहिली. तिने ते कीर्तन ऐकलं नाही, तिला कुणी बोलावलंही नाही. तेव्हा मायबापहो, उठण्याआधी एवढं करा. उद्या घरी लेकीसुनेच्या केसांना हात लावाल, डोळे तिरके तर होत नाहीत ना म्हणून वाकून बघाल, तेव्हा भिकीची आठवण काढा.